शिवेवरचा रस्ता कोणाचा? कोपनहेगन आणि शेजारगावांच्या सायकलवाटांचा इतिहास



आजचा विषय जाहीर झाल्यावर एका जुन्या स्नेह्यांनी फोन करून विचारलं, "अहो, आयुष्यभर तुम्ही तत्त्वज्ञान शिकवलंत. आता हे सायकलींचं काय काढलंत?" प्रश्न रास्त आहे. आम्ही काही रस्त्यांचे अभियंते नाही. पण हा विषय आम्हाला रस्त्यांपेक्षा शेजाऱ्यांचा वाटतो, आणि शेजारी एकत्र येऊन काम कसं करतात, किंवा का करत नाहीत, हा तत्त्वज्ञानातला फार जुना प्रश्न आहे. म्हणून हे धाडस.

आमच्या पिढीतल्या श्रोत्यांना आठवत असेल, आपल्याकडे पूर्वी सायकलीला नगरपालिकेचा बिल्ला लागत असे. दरवर्षी पैसे भरायचे, पत्र्याचा बिल्ला घ्यायचा आणि तो सायकलीला अडकवायचा. गावाच्या टोकाला जकात नाका असायचा. आम्ही कॉलेजात होतो तेव्हा मित्राकडे जायला हा नाका ओलांडून पलीकडच्या हद्दीत जावं लागे. नाक्यापर्यंत बऱ्यापैकी डांबर, आणि नाका संपला की खडी. दिवेही तिथेच संपायचे. रस्ता तोच, जाणारे आम्ही तेच, पण तेवढ्या दहा पावलांत मालक बदलायचा. दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो म्हणतात ना, तशी त्या खडीच्या पट्ट्याची गत होती.

मराठीत हद्दीला शीव म्हणतात. मुंबईतलं शीव स्टेशन आपण इंग्रजी वळणाने सायन म्हणतो, पण ते नाव मुंबई बेट आणि साष्टी यांच्यामधल्या शिवेवरून पडलेलं. शेतातल्या शिवेला निदान दोन्ही बाजूंनी भांडायला माणसं असतात. शहरांच्या शिवेवरचा रस्ता असा की त्याच्यासाठी भांडायलाही कोणी येत नाही. आज आपण एका अशा ठिकाणाचा इतिहास पाहणार आहोत, जिथे बऱ्याच शेजारी नगरपालिकांनी मिळून हा प्रश्न हाती घेतला. ते ठिकाण म्हणजे डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन आणि तिच्या भोवतालची गावं.

कोपनहेगनच्या सायकलींबद्दल आपण पुष्कळ ऐकलेलं असतं. मंत्री सायकलवरून कचेरीत जातात वगैरे. ते बाजूला ठेवू. आपल्याला त्या शहराच्या कडेला जायचं आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कोपनहेगन तटबंदीच्या आत कोंडलेलं होतं. लष्कराच्या सोयीसाठी तटाबाहेर पक्कं बांधकाम करायला बंदी होती. आत माणसांची दाटी, विहिरी आणि गटारं शेजारी शेजारी. 1853 मध्ये कॉलरा आला आणि काही हजार माणसं दगावली. त्या दशकात बाहेर बांधायची परवानगी मिळाली, वेशी पाडल्या गेल्या आणि शहर बाहेर सांडलं. विसाव्या शतकाच्या आरंभी, 1901 आणि 1902 मध्ये, कोपनहेगनने आजूबाजूची काही खेडी आपल्यात सामावून घेतली. पण एक गाव तयार झालं नाही. त्याचं नाव फ्रेडरिक्सबर्ग. सुखवस्तू लोकांची वस्ती, स्वतःचा कारभार नीट चालवणारी. त्यांनी म्हटलं, आम्ही आमचे बरे. परिणाम असा झाला की कोपनहेगन वाढत वाढत त्याच्या चारी बाजूंनी पसरलं आणि फ्रेडरिक्सबर्ग मध्येच बेटासारखं राहिलं. आजही ते तसंच आहे. जेमतेम नऊ चौरस किलोमीटर जागा, सुमारे एक लाख लोक, स्वतंत्र नगरपालिका, स्वतंत्र महापौर. म्हणजे कोपनहेगनच्या पश्चिमेकडून मध्यभागी सरळ जायचं तर दुसऱ्याच्या घरातून जावं लागतं!

ही एक हद्द झाली. बाहेर गेलं की अशा हद्दी वाढत जातात. 1947 साली कोपनहेगनच्या विस्ताराचा एक प्रसिद्ध आराखडा तयार झाला. स्टीन आयलर रासमुसेन आणि पीटर ब्रेड्सडॉर्फ ही त्यामागची मुख्य नावं. त्याला 'फिंगर प्लॅन' म्हणतात. टेबलावर हाताचा पंजा ठेवावा आणि बोटं फाकवावीत, तसं शहर वाढवायचं. तळहात म्हणजे जुनं शहर. प्रत्येक बोटाच्या मधून उपनगरी रेल्वे, तिच्या दोन्ही बाजूंना वस्ती, आणि दोन बोटांच्या बेचक्यात शेतं आणि झाडी राखायची. कल्पना इतकी सोपी की शाळेतल्या मुलालाही कळावी. म्हणूनच ती टिकली.

आता गंमत बघा. वस्ती बोटाने वाढली, पण त्या एका बोटावर एकामागून एक चार-पाच नगरपालिका बसलेल्या. प्रत्येकीचा रस्ते विभाग निराळा. पश्चिमेकडच्या बोटावर आल्बर्ट्सलुंड नावाचं गाव आहे. 1960च्या दशकात ते मोठ्या हौसेने नव्याने वसवलं गेलं. तिथे मोटारींचे रस्ते वेगळे आणि पायी व सायकलने जाणाऱ्यांच्या वाटा वेगळ्या ठेवल्या. मोठा रस्ता आडवा आला तर वाट त्याच्याखालून बोगद्यातून नेली. मूल घरातून शाळेत जाईपर्यंत एकाही मोटारीसमोर येऊ नये, असा विचार. म्हणजे एका टोकाला आल्बर्ट्सलुंडच्या उत्तम वाटा आणि दुसऱ्या टोकाला कोपनहेगनचे उत्तम सायकलमार्ग. पण एकाकडून दुसरीकडे सायकलने जायचं म्हटलं, तर मधे काय आहे याचा हिशोब कोणाकडेच नव्हता.

इथे थोडं थांबून सायकलीचं पाहू. डेन्मार्कच्या सायकलस्वारांची संघटना 1905 सालची. युद्धाच्या काळात पेट्रोल मिळेना, तेव्हा सगळा देश सायकलवर होता. नंतर सुबत्ता आली, मोटारी आल्या, आणि 1960च्या दशकात तिथेही सायकल मागे पडली. ते लोक जन्मजात सायकलप्रेमी आहेत असा एक गैरसमज आहे, तो सोडून द्यावा. 1973च्या तेलटंचाईत तिथे काही रविवार मोटारी बंद ठेवाव्या लागल्या. पुढे सत्तरीच्या अखेरीस हजारो सायकलस्वार टाउन हॉलसमोरच्या चौकात मोर्चे घेऊन आले. तेव्हा कुठे महापालिका हलली आणि सलग मार्ग होऊ लागले. पण ते झाले शहराच्या हद्दीत. पाच किलोमीटरच्या आतलं अंतर असेल तर माणूस सहसा एकाच हद्दीत राहतो. दहा-पंधरा किलोमीटर जायचं असेल तर शीव ओलांडावी लागते, आणि तिथे तो मोटारीत बसतो. सायकलीची मर्यादा पायांत असते असं आपल्याला वाटतं. कोपनहेगनमध्ये तिचा काही भाग नकाशावर होता.

मग या सगळ्या गावांवर देखरेख ठेवणारी एखादी मोठी संस्था का नव्हती? होती. आणि इथेच इतिहास रंगतो. 1974 मध्ये राजधानी परिसरासाठी एक परिषद नेमली गेली. ती 1989 मध्ये बरखास्त झाली. 2000 मध्ये पुन्हा तसंच एक मंडळ स्थापन झालं. 2007 मध्ये तेही गेलं. त्या वर्षी डेन्मार्कने स्थानिक कारभाराची मोडतोड करून नव्याने मांडणी केली. 271 नगरपालिकांच्या 98 झाल्या. जिल्ह्यांसारखी जी 13 मंडळं होती, ती रद्द होऊन त्या जागी 5 प्रांत आले. या प्रांतांना कर लावण्याचा अधिकार नाही, आणि त्यांचं मुख्य काम इस्पितळं चालवणं. जिल्हा मंडळांकडे असलेले रस्ते कुठे गेले? काही केंद्र सरकारकडे, बाकीचे बहुतेक नगरपालिकांकडे. म्हणजे गावांना सांधणारा रस्ता ज्याच्या ताब्यात होता तो मालकच नाहीसा झाला, आणि रस्ता तुकड्या-तुकड्यांनी शेजाऱ्यांत वाटला गेला. भावकीत जमीन वाटली जाते तसा.

आता आम्ही आमच्या घरच्या विषयाकडे येतो. डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने 1740 साली एक साधं उदाहरण दिलं होतं. दोन शेजाऱ्यांचं मिळून एक कुरण आहे, त्यात पाणी साचतं. दोघं बोलतील, चर काढतील, पाणी वाहून जाईल. कारण एकाने अंग चोरलं तर काम होणारच नाही, हे दोघांनाही कळतं. पण हेच कुरण हजार माणसांचं असेल तर? ह्यूम म्हणतो, ते कधीच होणार नाही. प्रत्येक जण आपला खर्च वाचवायला आणि ओझं दुसऱ्यावर टाकायला निमित्त शोधेल. म्हणून सरकार लागतं. पूल बांधले जातात, बंदरं होतात, ती सरकारमुळे.

ह्यूमचं हे म्हणणं आम्ही कित्येक वर्षं वर्गात शिकवलं. पण कोपनहेगनच्या परिसरात ते नीट बसत नाही. इथे शेजारी दोन नव्हते आणि हजारही नव्हते. वीस-पंचवीस होते. आणि वरचं सरकार दोनदा बनून मोडलेलं होतं. अशा मधल्या आकड्याचं काय करायचं, हे ह्यूमने सांगितलेलं नाही.

सुरुवात झाली ती कोपनहेगन महापालिकेच्या गरजेतून. हे आवर्जून सांगतो, कारण अशा कामांची सुरुवात उदात्त विचारांनीच होते असं नाही. शहराने तेव्हा एक उद्दिष्ट जाहीर केलं होतं की 2015 पर्यंत शहरात कामाला किंवा शिकायला येणाऱ्यांपैकी निम्मे लोक सायकलीने यावेत. 'येणाऱ्यांपैकी' हा शब्द महत्त्वाचा. स्वतःच्या रहिवाशांपुरतं मोजलं असतं तर सोपं होतं. पण शहरात रोज येणारी पुष्कळ माणसं उपनगरांत राहत होती, आणि त्यांचा रस्ता कोपनहेगनच्या हातात नव्हता. आपलं गणित शेजाऱ्याच्या अंगणात सुटतं, हे लक्षात आल्यावर महापालिकेने शेजाऱ्यांकडे जाऊन दार ठोठावलं.

2009 मध्ये सहकार्याला आकार आला. योग असा की त्याच वर्षी केंद्र सरकारनेही सायकलींच्या कामांसाठी एक अब्ज क्रोनरचा निधी जाहीर केला. अर्ज करायचा तर बेत तयार हवा, आणि एकत्र बेत असेल तर अर्जाला वजन येतं. एप्रिल 2012 मध्ये पहिला मार्ग उघडला. नाव आल्बर्ट्सलुंड मार्ग, लांबी साडेसतरा किलोमीटरच्या आसपास. आल्बर्ट्सलुंड, ग्लोस्ट्रुप, रोडओव्हर, फ्रेडरिक्सबर्ग आणि कोपनहेगन, अशा पाच नगरपालिकांतून तो जातो. बेटासारखं राहिलेलं फ्रेडरिक्सबर्गही त्यात आलं! त्या वेळी 21 स्थानिक संस्था सहभागी होत्या आणि एकूण 26 मार्गांचा बेत होता. पुढच्या वर्षी उत्तरेकडे फारुमचा मार्ग झाला. डॅनिश भाषेत या मार्गांना जे म्हणतात त्याचा अर्थ 'महासायकलवाट'.

नाव मोठं, पण डोळे दिपवणारं त्यात फारसं काही नाही. बराचसा मार्ग आधीच होता. निरनिराळ्या गावांचे तुकडे जोडले, खड्डे भरले, जिथे वाट तुटत होती तिथे सांधली. काही ठिकाणी असे सिग्नल लावले की ठरावीक वेगाने चालवलं तर हिरवाच मिळत जावा. सिग्नलपाशी पाय टेकायला कठडे, अधूनमधून हवा भरायचे पंप. आणि जमिनीवर सगळीकडे एकच नारिंगी खूण. ही खूण आम्हाला फार बोलकी वाटते. पाच नगरपालिका, पाच बोधचिन्हं, पण जाणाऱ्याला दिसतो एकच रंग. कोणत्या गावच्या हद्दीत आहोत हे त्याला कळायची गरज उरत नाही.

आता पैशाचं बघू, कारण खरा कस तिथे लागतो. नियम असा की प्रत्येक नगरपालिकेने आपापल्या हद्दीतला तुकडा करायचा आणि राखायचा. केंद्राकडून काही वाटा मिळे. मग मधल्या गावाची अडचण समजून घ्या. ग्लोस्ट्रुप किंवा रोडओव्हर घ्या. आल्बर्ट्सलुंडचा माणूस कोपनहेगनला कामाला चालला आहे. ग्लोस्ट्रुपमध्ये तो थांबत नाही, काही विकत घेत नाही, कर भरत नाही, मतही देत नाही. त्याच्यासाठी ग्लोस्ट्रुपच्या नगरसेवकांनी बर्फ का काढावा? दिवे का लावावेत? त्या पैशांत गावातल्या शाळेसमोरचा रस्ता होतो. हा प्रश्न कंजूषपणाचा नाही. निवडून आलेल्या माणसाने आपल्या मतदारांना काय उत्तर द्यावं, याचा आहे. तो ज्यांना जबाबदार आहे ते लोक आणि त्या वाटेने जाणारे लोक, हे दोन वेगळे गट आहेत. आपल्या लोकशाहीची रचना हद्दीत बांधलेली आहे, आणि माणसाचा दिवस मात्र हद्दीत मावत नाही.

यावर त्यांनी जे उपाय केले त्यातले तीन आम्हाला महत्त्वाचे वाटतात. पहिला, सगळ्यांचं मिळून एक छोटं कार्यालय. त्याला हुकूम करायचा अधिकार नाही. ते आराखडा जुळवतं, निकष ठरवतं, सायकली मोजतं, आणि कुठल्या सांध्यावर काम अडलं आहे याची आठवण देत राहतं. कोणाच्याच नसलेल्या जागेची काळजी वाहणं, हेच ज्याचं नेमून दिलेलं काम, अशी माणसं तिथे बसली.

दुसरा उपाय, मोजणी. सायकली किती वाढल्या आणि चालवणारे आधी कशाने जात होते, हे मार्ग होण्याआधी आणि झाल्यावर विचारलं गेलं. नव्याने आलेल्यांत पूर्वी मोटारीने जाणारेही निघाले. आकडा हातात आला की नगरसेवकाला मतदारांपुढे उभं राहता येतं. शिवाय ग्लोस्ट्रुपमधून नुसते परके जातात असं नव्हे, ग्लोस्ट्रुपची माणसंही शेजारच्या गावांतून जातात, हेही मोजल्याशिवाय दिसत नाही.

तिसरी गोष्ट योगायोगाची. ज्या प्रांताकडे कर नाही, रस्ते नाहीत, फक्त इस्पितळं आहेत, तो प्रांत या कामात सामील झाला. कारण सरळ आहे. रोज वीस किलोमीटर सायकल चालवणारा माणूस इस्पितळात कमी येतो. रस्ता सुधारला तर औषधाचा खर्च वाचतो, हे इस्पितळ चालवणाऱ्याला जितकं पटतं तितकं रस्ते विभागाला पटत नाही. आणखी एक जोड म्हणजे उपनगरी रेल्वेत 2010 पासून सायकल फुकट नेता येऊ लागली. फार लांबच्या माणसाला अर्धं अंतर गाडीने जायची सोय झाली.

पुढे सहभागी नगरपालिकांची संख्या 30च्या घरात गेली, आणि 2045 पर्यंत साठाहून अधिक मार्ग आणि सुमारे 850 किलोमीटरचं जाळं असं चित्र मांडलं गेलं. ते पूर्ण होईल का? सांगता येत नाही. हद्दीच्या अलीकडे तयार आणि पलीकडे नाही, असे तुकडे तिथेही राहतात. सहकार्य ऐच्छिक आहे, तेव्हा ते रोज नव्याने करावं लागतं.

इथे कोणी म्हणेल, ऐच्छिक कशाला, एक सक्षम प्रादेशिक संस्थाच नेमावी. म्हणून जर्मनीतल्या रूर खोऱ्याकडे थोडं पाहू. कोळसा आणि पोलादाचा हा प्रदेश, शहराला शहर चिकटलेलं. तिथे 1920 सालीच शहरांचा एक प्रादेशिक संघ कायद्याने स्थापन झाला. रॉबर्ट श्मिट नावाचा दूरदृष्टीचा नगररचनाकार त्याचा प्रमुख होता. रस्ते, मोकळ्या हिरव्या जागा, असा शहरांच्या पलीकडचा विचार या संघाने केला. तो आजही, बदललेल्या नावाने, चालू आहे. जुलै 2010 मध्ये तिथला गजबजलेला मोटारमार्ग एक दिवस 60 किलोमीटर बंद ठेवला. एका बाजूला हजारो टेबलं मांडली, दुसरी बाजू सायकलींना दिली. सुमारे तीस लाख लोक आले. त्या उत्साहातून डुइसबुर्ग ते हाम असा 101 किलोमीटरचा सायकलमार्ग करायचा बेत पुढे आला. 2015 मध्ये एसेन आणि म्यूलहाइम यांच्यामधला तुकडा जुन्या रेल्वेमार्गावर तयार झाला. राज्याने 2016 मध्ये कायदा बदलून अशा मार्गांना राज्य रस्त्यांच्या बरोबरीचं स्थान दिलं. संस्था होती, कायदा होता, लोकांचा उत्साह होता. मार्ग 2020 पर्यंत पुरा करायचा होता. 2020 उजाडलं तेव्हा त्यातला लहानसाच भाग झाला होता. प्रत्येक शहरात जागेचा, पुलांचा, वाटेत येणाऱ्या बांधकामांचा प्रश्न नव्याने सोडवायचा होता, आणि तो दर वेळी त्या शहरातच सुटणार होता.

म्हणजे काय, तर वरून हुकूम असला तरी शेजाऱ्याला वगळून पुढे जाता येत नाही. आणि नुसता शेजारधर्म असला तरी सांध्याची आठवण ठेवणारा कोणीतरी लागतो. कोपनहेगनच्या लोकांना ही दुसरी गोष्ट वरच्या संस्था मोडल्यानंतर समजली. आम्हाला त्यांच्या इतिहासात शिकण्यासारखं वाटतं ते एवढंच. त्यांनी हद्दी पुसल्या नाहीत. फ्रेडरिक्सबर्गला कोणी म्हटलं नाही की आता आमच्यात या. महापौर तेवढेच राहिले, अंदाजपत्रकं तेवढीच राहिली. शिवेवरच्या त्या दहा पावलांची जबाबदारी मात्र कोणाची, हे त्यांनी बसून ठरवलं आणि लिहून ठेवलं.

शेवटी एका श्रोत्याने चिठ्ठी पाठवली आहे, ती वाचतो. 'हे सगळं श्रीमंत देशांना परवडतं, आपलं काय?' पैशाचं म्हणाल तर ते बरोबर आहे. पण ज्याला सर्वांत कमी पैसे लागतात ते काम तुम्ही विसरता आहात. दोन शेजारी नगरपालिकांच्या अभियंत्यांनी एका सकाळी आपापल्या हद्दीवर जायचं, तिथल्या रस्त्यावर उभं राहायचं आणि एकमेकांना विचारायचं, हा तुकडा तुमचा की आमचा? आमच्या कॉलेजच्या दिवसांत त्या जकात नाक्यावर असं कोणी आलेलं आम्ही पाहिलं नाही. पुढे नाका गेला. खडी, ऐकतो, बरीच वर्षं तशीच होती.

वेळ संपली आहे.  इथेच थांबतो.